उलट्या आट्यांची चकती

'कातीव चेहरा' असं आपण सहज लिहून जातो. पण कातीव म्हणजे मुळात फिरत्या लाकडाला हत्यार लावून घडवलेलं. सूत कातायचं तसं लाकूडही कातायचं, आणि ते कातणारा तो कातारी. (जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या कातकऱ्यांशी याचा संबंध नाही बरं का! त्यांचा कात खैराचा, विड्यातला.) नाव उरतं, वस्तू जाते. इकडे तर मूळ आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, आणि घोडेगावातून कारभार चालणाऱ्या तालुक्याला नाव मात्र त्याचंच.

याच घोडेगावजवळच्या एका बंद सुतारखान्यातलं खोकं माझ्यापुढे आलं. मित्राचे वडील गेले, लेथ आधीच विकलेला, आणि उरलेलं लोखंड सोमवारी भंगारवाला किलोवर नेणार होता. "हे काय आहे ते सांग, मग ठरवू," मित्र म्हणाला. म्हणजे हातात एक वीकेंड.

आपल्याकडच्या जुन्या कातारकामाला असली खोकंभर अवजारं लागतच नसत. दोन खुंटांना लोखंडी टोकं, मधे अडकवलेलं लाकूड, त्याला दोरीचा वेढा. एकानं दोरी आलटून पालटून ओढायची, नाहीतर कातारी स्वतःच एका हातानं कमान चालवणार, दुसऱ्या हातात पटाशी, आणि पटाशी स्थिर राहायला पायाची मदत. इजिप्तमधे पेटोसिरिसच्या थडग्यात इ.स.पू. 300 च्या सुमाराचं शिल्प आहे, त्यातही दोघं जण असंच दोरीवर काम करताना दिसतात. लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतं, त्यामुळे कापणं निम्माच वेळ! लाटणी, पाळण्याचे खूर, भोवरे यावर झकास होतात. पण लाकूड दोन्ही टोकांना धरलेलं असल्यामुळे समोरून पोखरायची पंचाईत.

एकाच दिशेनं सतत फिरणारा स्पिंडल आला, आणि मग त्याच्या टोकाला काय काय लावता येईल याचे प्रयोग. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पिंडल हा पोर्ट, आणि खोक्यातली प्रत्येक वस्तू त्यात बसणारं डिव्हाइस. म्हणून ओळखताना आधी वस्तूचा पुढचा भाग नाही, मागचा बघायचा.

निमुळता दांडा आणि पुढे चार पाती? ही लाकडात रुतून त्याला फिरवणारी फाळ. दांडा मोर्स टेपरचा. स्टीफन मोर्स या अमेरिकन माणसाची 1860 च्या दशकातली ही देणगी: साधारण वीसास एक उतार, ना स्क्रू ना खीळ, नुसत्या घर्षणावर पक्का बसतो. व्हर्नियरनं जाड टोक मोजलं, 17.8 मिमी भरलं, म्हणजे नंबर दोन. 12 च्या आसपास भरलं असतं तर नंबर एक. मधोमध लाकडाचा स्क्रू असलेली छोटी चकती मुठी आणि भोवऱ्यांसाठी. भोकं पाडलेली मोठी जाड चकती म्हणजे फेसप्लेट, हिच्यावर परात-वाडग्यासारखं रुंद काम.

आट्यांत मात्र फसगत होते. एक इंची व्हिटवर्थचे इंचाला आठ आटे, अमेरिकन एक इंचीचेही आठच. पण 1841 च्या व्हिटवर्थचा कोन 55 अंश आणि अमेरिकन आट्याचा 60. नुसतं मोजून भागत नाही, पिच गेजचं पातं आट्यात बसवून उजेडात धरावं लागतं. 1956 च्या कायद्यानं देश मेट्रिक झाला, तरी जुन्या लोखंडाला ते कोण सांगणार?

आणि मग ती दुसरी फेसप्लेट. बोल्ट घातला तर बसेना. आटे उलटे! मित्र म्हणाला, बिघडलेला माल असेल. पण विचार करा. कापताना लाकूड अडतं, तेव्हा चकती आवळली जावी, सुटू नये, म्हणून नेहमीच्या टोकाला सुलटे आटे. तोच स्पिंडल हेडस्टॉकच्या दुसऱ्या बाजूला बाहेर काढला, तर त्या बाजूनं बघणाऱ्याला तो उलट फिरताना दिसतो. तिथे सुलटे आटे असते तर चकती गरागरा सुटून अंगावर आली असती. आणि त्या बाजूला जायचं कशाला? तर खाली लेथचा पाया आडवा येत नाही, म्हणून मशीनवर मावणार नाही एवढं मोठं लाकूड तिथे फिरवता येतं.

म्हणजे त्या सुतारखान्यात कधीतरी मोठ्या व्यासाची कामं व्हायची. मित्राला आठवलं, भिंतीशी दोन हात रुंद गोल पाट उभे असायचे, ते कसे केले हे त्यानं वडिलांना कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी भंगारवाला आला तो गंजलेले पत्रे आणि तुटकी करवत घेऊन गेला. खोकं मित्राच्या घरी आहे. त्याला एकच सांगून ठेवलंय, मोर्सच्या दांड्यावरचा गंज कानशीनं घासू नकोस. तेल आणि फडकं पुरे. तिथे ओरखडे पडले की तो धरत नाही.