चौसष्ट घरांत एक कौलारू घर

बसमध्ये रेंज जाते आणि भाग अर्धाच ऐकून होतो, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी हा लेखी अवतार. आजचा विषय आहे, हौसेखातर घरी बसून कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या लोकांनी त्यातली चित्रं कशी काढली. कोडबद्दल आज बोलायचं नाही. कोड मागितला तर कुठेही मिळतो. चित्राचं तसं नसतं, आणि का नसतं ते शेवटी आमच्या भोंगवलीपर्यंत येतं.

आधी १९८० च्या दशकात जाऊ. १९८४ मध्ये भारत सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि सुमारे अडीचशे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर पोचले. त्या मशीनवर माउस नव्हता, फोटोशॉप तर लांबच. गेममधला माणूस, झाड, भूत, काहीही काढायचं तर आकडे टाइप करायचे. पद्धत इतकी सुंदर आहे की मी ती इथे पूर्ण सांगणारच.

आलेखाचा कागद घ्या. हो, तोच दहावीच्या भूमितीतला. त्यावर आठ बाय आठची चौकट आखा, म्हणजे चौसष्ट घरं, बुद्धिबळाच्या पटाइतकी. वर डावीकडून उजवीकडे लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता हवी ती घरं पेन्सिलीने काळी करा आणि प्रत्येक ओळीत काळ्या घरांच्या वरचे आकडे मिळवा. एका ओळीचा एक आकडा. आपण एक घर काढू. पहिल्या ओळीत मधली दोन घरं काळी, १६ अधिक ८, म्हणजे २४. हा छपराचा शेंडा. खाली रुंद होत ६०, मग १२६, मग सगळीच्या सगळी ओळ भरली की २५५. ही झाली पागोळी. पाचव्या ओळीत फक्त दोन भिंती, ६६. उरलेल्या तीन ओळींत मधोमध दार, ९०, ९०, ९०. मग कॉम्प्युटरला सांगायचं: व्हीडीयू २३, २२४ आणि पुढे हे आठ आकडे. झालं. २२४ क्रमांकाचं अक्षर म्हणजे आता तुमचं घर.

लक्षात आलं का, कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते चित्र नाहीच. ते एक नवीन अक्षर आहे. 'अ' छापावा तसं तो घर छापतो. त्याच काळातल्या झेडएक्स स्पेक्ट्रमवरही हेच, फक्त तिथे अशी एकवीस अक्षरं स्वतःची करता यायची. आणि रंगांची एक भलतीच अडचण होती: आठ बाय आठच्या एका चौकटीत दोनच रंग. लाल शर्टातला माणूस हिरव्या झाडापुढून गेला की झाडाचा तुकडा तरी लाल व्हायचा, नाहीतर माणूस हिरवा. त्यामुळे त्या काळच्या कितीतरी गेम्समध्ये मागे नुसता काळा अंधार दिसतो. आपल्याला वाटतं वातावरणनिर्मिती. खरं तर रंग सांडू नयेत म्हणून केलेली सोय!

मोठ्या कंपन्यांनाही यातून सुटका नव्हती. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधला जंपमॅन, म्हणजे नंतरचा मारिओ, त्याला मिशी आहे कारण तेवढ्या ठिपक्यांत तोंड दाखवता येईना. टोपी आहे कारण केस जमेनात. शिगेरू मियामोतो यांनी जे काढता येत नाही ते झाकलं, आणि त्याच झाकण्यातून जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा तयार झाला.

पण लहान जागेत काय ठेवायचं नि काय टाकायचं, हा प्रश्न कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. हाताने रंगवलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा, एकूण १२०. तळहातावर मावणाऱ्या पत्त्यावर मासा दिसला की मत्स्य, कासव दिसलं की कूर्म. डाव रंगात असताना नजरेच्या एका फटक्यात कळलं पाहिजे. ही कला संपत आली होती, तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. माझ्या हिशोबाने गेमसाठी ग्राफिक्स बनवणारा महाराष्ट्रातला सगळ्यात जुना स्टुडिओ तोच. इतिहासाचे प्राध्यापक मान्य करणार नाहीत, चालेल.

आता उडी थेट २०१२ वर. तोपर्यंत हौशी लोकांची अडचण उलटी झाली होती: ठिपके हवे तेवढे, पण चित्रकार नाही. म्हणून ओपन गेम आर्ट, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि क्रिएटिव्ह कॉमन्स यांनी मिळून 'लिबरेटेड पिक्सेल कप' ही स्पर्धा घेतली. सगळ्यांनी एकाच शैलीत, ३२ बाय ३२ च्या चौकटीत काढायचं, आणि नाव देऊन कुणीही वापरायचं. अट एवढीच, की त्यात बदल केलात तर तुमचंही तसंच खुलं ठेवायचं. हजारो चित्रं जमली. आजही माझ्यासारखे लोक ती वापरतात.

मी भोंगवलीवर एक छोटा गेम करतोय, शनिवार-रविवारचा उद्योग. या खजिन्यात किल्ले मिळाले, पण युरोपातल्या बुरुजांचे. झाडं मिळाली, पाइनची. विहिरीवर लाकडी छप्पर आणि बादली. पार नाही, ओटा नाही, कडब्याची गंजी नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला तेव्हा त्यांनीही सगळं स्वतः उभं केलं. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत, तरी २०२० मध्ये गेम आला, आणि त्यातल्या कथेच्या प्रसंगांना सावल्यांच्या बाहुल्यांची शैली दिली. त्यातले राजस्थानी महाल झकासच आहेत. देशावरचा वाडा मात्र मला अजून कुठल्या गेममध्ये दिसलेला नाही.

मग काढायला बसलो. ३२ ठिपक्यांत एकेक कौल येत नाही, म्हणून एक ओळ गडद, एक फिकी, आणि दर दुसऱ्या ओळीत ठिपका अर्धा सरकवलेला. रंग लाल नाही. जुनं कौल काळपट तपकिरी असतं, पावसाळ्यात त्यावर हिरवट शेवाळ. तो हिरवा एकच ठिपका टाकला आणि छप्पर एकदम आमचं झालं. गंजीसाठी पिवळ्याच्या तीन छटा लागल्या. फोनवर आईला दाखवलं. ती म्हणाली, "ही गंजी होय? मग शेळी कुठंय? ती काय मोकळी सोडलीस?"

शेळी सोळा बाय सोळामध्ये बसली. शिंगांना दोन ठिपके, दाढीला एक. कान अजून जमवतोय.

पुढच्या भागात आवाज: 'टुंग' या एका आवाजासाठी तेव्हा काय काय करावं लागायचं. भेटू.