कोलन वॉटर: जुनी बाटली आणि नवी बाटली

ताप आला की कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायच्या, ही आपल्या मराठी घरांतली जुनी रीत. कुणी त्याला युडीकोलन म्हणतं, कुणी नुसतं कोलन. आमच्या लोहाऱ्याकडेही जुन्या पिढीतल्या माणसांना तो वास आला की आजारपण आठवतं. याबद्दल रुग्णांचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "डॉक्टर, घड्या ठेवल्या तर चालतील का?" दुसरा, "पूर्वीचं कोलन वॉटर अस्सल होतं, आताचं नुसतं वासाचं पाणी. बरोबर ना?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

औषध म्हणून जन्म

कोलन हे जर्मनीतल्या एका शहराचं नाव. मूळचे इटालियन असलेल्या फारिना घराण्याची तिथली पेढी १७०९ सालची. जोहान मारिया फारिना याने संत्रावर्गातल्या फळांच्या सालींचं तेल मद्यार्कात मिसळून एक हलकं, ताजं अत्तर तयार केलं आणि त्याला आपल्या नव्या शहराचं नाव दिलं. फ्रेंचमध्ये 'ओ द कोलोन', म्हणजे शब्दशः 'कोलनचं पाणी'. आपण म्हणतो ते 'कोलन वॉटर' हे त्याचंच सरळ रूप.

त्या काळात हे पाणी अंगाला लावत आणि पोटातही घेत. डोकेदुखी, पोटदुखी, घेरी, सगळ्यांवर तेच. पुढे १८१० मध्ये नेपोलियनच्या राजवटीने गुप्त औषधांची पाककृती उघड करण्याचा आदेश काढला. पाककृती सांगण्यापेक्षा "हे औषध नाही, सुगंधी द्रव्य आहे" असं म्हणणं विक्रेत्यांना सोयीचं होतं. कागदोपत्री औषधाचं अत्तर झालं, पण लोकांच्या मनातून औषध गेलं नाही. आपल्या घड्या ही त्याच जुन्या समजुतीची आठवण आहे.

अत्तर, औषध की दारू?

हा गोंधळ आपल्याकडे थेट न्यायालयात गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात 'दारू'ची व्याख्या इतकी रुंद होती की मद्यार्क असलेला कोणताही द्रव तिच्यात बसे. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. त्यांनी जे जवळ बाळगण्याची व वापरण्याची मोकळीक मागितली त्या यादीत व्हिस्की, ब्रँडी होती, तसंच कोलन वॉटर आणि लॅव्हेंडर वॉटरही होतं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी बहुतांशी कायम राहिली, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी टिकली नाही. आपलं यवतमाळ तेव्हा मुंबई राज्यात नव्हतं, पण मुद्दा सगळीकडचाच होता. या बाटलीत सर्वांत जास्त असतो तो मद्यार्क. हे लक्षात ठेवा, तापाच्या मुद्द्याला ते लागणार आहे.

गळ्यावरचे काळे ओघळ

आता त्या 'अस्सल' जुन्या बाटलीकडे वळू. तिच्या वासाचा मुख्य आधार म्हणजे बर्गामोट. हे लिंबाच्या जातीचं फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात होतं. त्याची साल दाबून तेल काढतात. या तेलात वासाबरोबर बर्गाप्टेन नावाचा एक पदार्थही उतरतो. तो १८३४ मध्येच वेगळा काढला गेला होता, पण तो त्वचेवर काय करतो हे कळायला बराच काळ गेला.

१९१६ मध्ये फ्रॉइंड नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने असे रुग्ण नोंदवले, ज्यांनी कोलन लावलं, मग ऊन घेतलं आणि त्याच जागी काळपट डाग उठले. १९२५ मध्ये रोझेन्थाल यांनी या विकाराला 'बर्लोक' हे नाव दिलं. बर्लोक म्हणजे साखळीला लोंबणारं पदक. अत्तराचा थेंब मानेवरून ओघळतो आणि ओघळाच्या टोकाशी जमतो. डागही तसाच उमटतो, वर बारीक रेघ आणि खाली थेंब. पुढे १९३८ मध्ये कुस्के यांनी प्रयोगांती दाखवलं की वनस्पतींमधले बर्गाप्टेनच्या कुळातले पदार्थ आणि सूर्यप्रकाश एकत्र आले की हा प्रकार होतो.

बावचीचं चुलतभावंड

हे आपल्याला अनोळखी वाटायचं कारण नाही. कोडासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी बावची आठवा. तिच्यातला सोरालेन आणि बर्गामोटमधला बर्गाप्टेन एकाच कुळातले. दोघांचं कामही सारखंच. उन्हातले अतिनील किरण पडले की ते त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला चिकटतात. त्वचा लाल होते, कधी फोड येतात, आणि नंतर रंग गडद होतो.

कोडाच्या पांढऱ्या डागावर रंग यावा म्हणून डॉक्टर हाच गुण मोजून मापून वापरतात. मात्रा ठरलेली, प्रकाशाची वेळ ठरलेली. तेच काम जुन्या अत्तराच्या बाटलीतून कुणी न सांगता, न मोजता होत होतं. म्हणजे जुन्या कोलनमध्ये खरोखरच औषधी गुणाचा एक पदार्थ होता, फक्त तो तापाचा नव्हता आणि कुणाला त्याची माहितीही नव्हती.

लिंबाच्या सालीतही हे पदार्थ असतात. उन्हाळ्यात सरबतासाठी भरपूर लिंबं पिळून तसंच उन्हात गेलं तर हातावर असेच डाग पडू शकतात. हात साबणाने धुणं एवढाच उपाय.

नव्या बाटलीत काय बदललं?

१९७३ मध्ये सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, स्थापन झाली आणि घटकांच्या मर्यादा ठरू लागल्या. अंगावर लावून ठेवायच्या, ऊन लागणाऱ्या जागच्या उत्पादनात दाबून काढलेलं बर्गामोट तेल ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा इफ्राचा नियम आहे. त्यामुळे आता बहुधा बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात. बर्गाप्टेन जड असतो. तेल ऊर्ध्वपातनाने उडवून घेतलं की तो मागे राहतो.

वास बदलतो का? मुरलेल्या नाकाला थोडा फरक जाणवू शकतो, कारण प्रक्रियेत सालीचा ताजेपणा किंचित कमी होतो. पण वासात बर्गाप्टेनचा स्वतःचा वाटा जवळपास नाहीच. म्हणून "नवं ते नकली" हे म्हणणं बरोबर नाही. काढलं गेलं ते डाग पाडणारं द्रव्य.

याचा अर्थ नवी बाटली पूर्ण निर्धोक, असाही नाही. लिमोनीन, लिनालूल हे सुगंधी घटक जुन्यातही होते, नव्यातही आहेत. हवा लागून ते बदलतात आणि मग काहींच्या त्वचेला खाज, पुरळ येतं. म्हणून कपाटात वर्षानुवर्षं पडलेली अर्धी बाटली "मुरलेली" समजून वापरू नका.

मग तापात घड्या ठेवायच्या का?

मद्यार्क भराभर उडतो आणि उडताना त्वचेची उष्णता घेतो, म्हणून कपाळाला गार वाटतं. पण ताप कपाळात नसतो, तो मेंदूतल्या तापमान-नियंत्रकाने साऱ्या शरीराचा वाढवलेला असतो. बरं वाटतं हे खरं, ताप उतरतो हे खरं नाही. साध्या पाण्याची घडीही तितकंच बरं वाटू देते.

लहान मुलांना मात्र कोलन किंवा स्पिरिटने अंग पुसणं धोक्याचं आहे. मद्यार्क त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो. त्याने रक्तातली साखर उतरून मूल बेशुद्ध पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत.

थोडक्यात

१. तापात साध्या पाण्याची घडी, भरपूर पातळ पदार्थ आणि डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल.
२. मुलांच्या अंगाला कोलन, स्पिरिट लावू नका.
३. अत्तर किंवा कोलन कपड्यावर लावा. मानेवर लावून उन्हात जाऊ नका.
४. गळ्यावर ओघळासारखा डाग दिसला तर ते द्रव्य बंद करा, ऊन टाळा. डाग जायला काही महिने लागतात. घासू नका, मनाने क्रीम लावू नका.
५. बावचीचं तेल लावून स्वतःहून उन्हात बसू नका.
६. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा उलट्या, धाप, गुंगी, अंगावर पुरळ असं काही दिसलं, तर घडी बाजूला ठेवा आणि रुग्णाला दवाखान्यात आणा. आपल्या भागात पावसाळ्यानंतरचा ताप डेंग्यू किंवा मलेरियाचा असू शकतो, आणि घडीच्या गारव्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.