दोन मोटारी, दोन मतें

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारा मनुष्य नुसती वस्तु विकत घेत नाहीं. त्या वस्तूच्या काळीं चाललेल्या वादांत तो एक पक्षही घेत असतो. इटलींतील मोदेना शहराच्या परिसरांत 1966 ते 1973 या अवधींत निर्माण झालेल्या दोन मोटारींविषयीं हें विशेष खरें आहे. लँबोर्गिनीची 'मिउरा' ही एक, व फेरारीची 'डेटोना' ही दुसरी. इंजिन चालकाच्या पुढें असावें कीं मागें, हा तो वाद.

फेरुच्चो लँबोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टरांचे कारखानदार. 1963 सालीं त्यांनीं मोटारींच्या धंद्यांत पाऊल टाकलें. त्यांचे यंत्रविशारद जानपाओलो दालारा व पाओलो स्तान्झानी हे तिशीच्या आंतले होते. सांभाळावयास परंपराच नसल्यामुळें त्यांनीं शर्यतीच्या गाडीची मांडणी रस्त्यावरील गाडीस दिली आणि सुमारें चार लिटरांचें, बारा सिलिंडरांचें इंजिन बैठकीमागें आडवें बसविलें. बेर्तोने यांच्याकडील मार्चेल्लो गांदिनी यांनीं तिला दिलेलें रूप 1966 च्या जिनीव्हा प्रदर्शनांत पाहून लोक थक्क झाले.

एन्झो फेरारी यांनीं शर्यतींकरितां इंजिन केव्हांच मागें नेलें होतें. परंतु बारा सिलिंडरांची गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं देतांना, बैलानें गाडी ओढावी, ढकलूं नये, अशा मताचे ते होते असें सांगतात. 1968 सालीं पॅरिस येथें त्यांनीं आपलें उत्तर मांडलें : 4.4 लिटरांचें इंजिन पुढें, गिअरबॉक्स मागील चाकांपाशीं, म्हणजे भाराचा तोल साधलेला. पिनिनफारिनाच्या लिओनार्दो फिओराव्हान्ती यांनीं रेखिलेली ही गाडी ताशीं 280 किलोमीटर धांवे. 1967 सालीं अमेरिकेंतील डेटोना येथील चोवीस तासांच्या शर्यतींत फेरारीनें पहिले तीनही क्रमांक पटकाविले होते. त्यावरून तिला हें नांव पडलें.

'ग्रान तुरिस्मो' म्हणजे दूरचा, ऐसपैस प्रवास. या कसोटीस मिउरा पुरती उतरत नाहीं. वेग वाढला कीं तिचें नाक हलकें होतें. इंजिनाची उष्णता व गर्जना पाठीशींच. सामानास जागा बेताची. आरंभीच्या गाड्यांत इंजिन व गिअरबॉक्स यांचें तेल एकच असल्यामुळें एकाची झीज दुसऱ्यास बाधे. डेटोनाचें स्टिअरिंग सावकाश चालींत जड लागतें खरें. पण वेगांत ती स्थिर असते.

मग जय कोणाचा ? 1973 मध्यें डेटोनाची जागा घेणाऱ्या फेरारीच्या गाडींत इंजिन मागें गेलें. नवख्याचें मत जुन्यानें मान्य केलें. परंतु 1996 सालीं '550 मारानेल्लो' काढतांना त्याच कारखान्यानें तें पुन्हां पुढें आणलें. इतिहासाचे निकाल असे फिरत असतात.

बाजारांत मिउरास बहुधा अधिक किंमत येते. ती सौंदर्याची व साहसाची किंमत आहे. संग्राहकानें मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. डेटोनाच्या उघड्या टपाच्या मूळ गाड्या थोड्या. पुष्कळ बंद गाड्या छप्पर कापून तशा बनविण्यांत आल्या, म्हणून सांगाड्यावरील क्रमांक व कारखान्याचे कागद ताडून पाहावे. दुसरी गोष्ट अशी कीं, दूरच्या प्रवासासाठीं जन्मलेली गाडी कुलपांत ठेवल्यास तिचा अर्धा अर्थ नाहींसा होतो. नुसतें पाहात बसावयाचें तर मिउरासारखी दुसरी नाहीं. परंतु आल्प्स ओलांडून जावयाचें असेल, तर डेटोना. आमचें मत नांवास जागणाऱ्या गाडीच्या बाजूनें पडतें.