बिडी हे त्याचं औषध नाही

आपल्या मंडणगड तालुक्यात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेलच. स्वतःशी बोलत रस्त्याने फिरणारा. लग्नकार्यात त्याच्याकडून पाणी भरून घेतात, लाकडं फोडून घेतात आणि बदल्यात हातावर बिडीचं बंडल ठेवतात. कोणी हटकलं तर उत्तर ठरलेलं: "असू दे रे, बिडी मिळाली की गप ऱ्हातो."

गंमत म्हणजे मेंदूचे शास्त्रज्ञही बरीच वर्षं जवळपास हेच म्हणत होते. ही गोष्ट कुठून आली आणि पुढे तिचं काय झालं, ते समजून घेऊ. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या जिल्ह्याचं मनोरुग्णालय रत्नागिरीला, १८८६ सालचं. मंडणगड जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, त्यामुळे पेशंटला तिथे न्यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. हे रुग्णालय सुरू झालं तेव्हा स्किझोफ्रेनियावर जगात कुठेच औषध नव्हतं. पहिलं गुणकारी औषध क्लोरप्रोमाझिन, ते १९५२ साली फ्रान्समध्ये वापरात आलं. तोवर सांभाळायचं आणि कोंडून ठेवायचं, एवढंच. औषधं आल्यावरही परदेशी वॉर्डांत सिगारेट हे बक्षीस होतं. अमेरिकेत १९६०च्या दशकात तर नीट वागलं, काम केलं की पेशंटला टोकन द्यायची पद्धत निघाली, आणि त्या टोकनवर इतर वस्तूंसोबत सिगारेटही मिळायची. म्हणजे आपलं बिडीचं बंडल आणि त्यांचं टोकन, फरक फारसा नाही.

मग मेंदूचं संशोधन आलं. अमेरिकेत डेन्व्हरला रॉबर्ट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोनदा 'टक' असा आवाज ऐकवायचा. निरोगी मेंदू दुसऱ्या आवाजाकडे फारसं लक्ष देत नाही, कारण ऐकलेलंच पुन्हा आलं. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच पेशंटांचा मेंदू मात्र दुसऱ्यालाही तितकाच दचकतो. बाजाराच्या दिवशी प्रत्येक आवाज सारख्याच जोराने कानावर आदळत राहिला तर काय होईल, तसं. १९९३ साली याच गटाला दिसलं की धूम्रपानानंतर ही गाळणी थोडा वेळ सुधारते. काही मिनिटं, बस. निकोटिन ज्या रिसेप्टरवर बसतं, त्याच्या जीनशी या दोषाचा संबंधही १९९७ साली जोडला गेला. झालं! 'पेशंट स्वतःवर स्वतःच उपचार करतोय' ही कल्पना पसरली.

ती पसरवण्यात तंबाखू कंपन्यांचाही हात होता. कोर्टकज्ज्यांमुळे त्यांची आतली कागदपत्रं बाहेर आली. ती तपासून २००८ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की या कल्पनेला पूरक संशोधनाला कंपन्यांनी पैसे पुरवले, मनोरुग्णालयांत सिगारेटी पोचवल्या आणि तिथल्या धूम्रपानबंदीला अडथळे आणणाऱ्यांना साथ दिली.

आणि आपल्याकडे? २००२ साली चेन्नईच्या श्रीनिवासन आणि थारा यांनी पुरुष पेशंटांचा अभ्यास छापला. पाश्चात्त्य देशांत पेशंट इतरांपेक्षा कितीतरी जास्त धूम्रपान करतात. चेन्नईत हे प्रमाण ३८ टक्के निघालं, म्हणजे साधारण इतर पुरुषांइतकंच. कारण सगळं मेंदूत नसतं. हातात पैसे किती आणि घरचे किती अडवतात, यावरही ते ठरतं. मेंदूलाच बिडी हवी असती, तर चेन्नईचा मेंदू वेगळा कसा?

आता घरच्यांसाठी महत्त्वाचं. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं शरीरातून लवकर संपवतं. म्हणजे गोळ्या चालू, पण धूर त्यातला वाटा खातोय. उलटही खरं. बिडी एकदम बंद केली तर काही दिवसांतच क्लोझापिनची रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. गुंगी, लाळ गळणं, कधी फिटसुद्धा. म्हणून बिडी सोडायची ती डॉक्टरांना सांगून, डोस बघून. कमी करायची किंवा पुन्हा सुरू झाली, तरी सांगायचं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे मशेरीने हा परिणाम होत नाही, पण मशेरी कॅन्सर देते, ती काही पर्याय नव्हे.

"सोडली तर वेड वाढेल" ही भीतीही तपासली गेली. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये सुमारे ८००० जणांचा अभ्यास आला. त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता. धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांनी गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही.

स्किझोफ्रेनियाचे पेशंट इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात. त्यातले पुष्कळ हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या आजारांनी. "गप ऱ्हातो" म्हणून आपण दिलेलं बंडल त्या हिशोबात धरलं पाहिजे.

पुढच्या वेळी त्याने पाणी भरलं तर मजुरी द्या, इतरांना देता तेवढीच. जेवायला घाला. गोळ्या चालू आहेत का, विचारा. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रत्नागिरी लांब आहे, फोन लांब नाही.