दुधाळ धबधब्याचा इतिहास

छायाचित्रात धबधब्याचे पाणी दुधाळ, मऊ दिसले की ते कलात्मक, असा समज आज पक्का झाला आहे. ट्रायपॉड, गडद फिल्टर आणि सेकंदभर उघडे शटर हा त्याचा ठरलेला सरंजाम. पण या दुधाळपणाचा उगम सौंदर्यदृष्टीत नाही, एकोणिसाव्या शतकातल्या रसायनात आहे. १८६१ साली छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्सने कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात १८ बाय २२ इंचांच्या काचा नेल्या. पद्धत ओल्या कोलोडियनची होती. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. एक्स्पोजर सेकंदांत मोजायचे, भिंगावरचे झाकण हाताने काढून पुन्हा लावायचे. एवढ्या वेळात कोसळणाऱ्या पाण्याचा पांढरा पडदा होणारच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकातच, याच रसायनाने, समुद्राच्या लाटा स्पष्ट टिपल्या होत्या. मग धबधबाच का विरघळला? कारण समुद्र उघड्यावर असतो आणि आकाशाचा उजेड परावर्तित करतो. धबधब्याभोवती मात्र काळा खडक आणि हिरवी झाडी असते, आणि कोलोडियनला निळा प्रकाश चटकन, हिरवा अगदी मंद कळे. झाडीचा तपशील हवा, तर एक्स्पोजर लांबवावे लागे, आणि त्याची किंमत पाणी मोजे. १८७०च्या दशकाअखेरीस जिलेटिनच्या कोरड्या, वेगवान काचा आल्या आणि ही सक्ती संपू लागली. राहिली ती सवय.

म्हणून वेगवान शटर खरे आणि मंद शटर खोटे, असेही नाही. डोळ्याला गोठलेला थेंब दिसत नाही आणि अखंड पडदाही दिसत नाही. दिसतात ते एकामागून एक कोसळणारे पाण्याचे लोट. नायगाराएवढ्या, साधारण ५० मीटर उंचीच्या कड्यावरून पडणारे पाणी, हवेचा अडथळा सोडला, तर पायथ्याशी सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेग गाठते. १/१००० सेकंदात ते तीन सेंटिमीटर सरकते आणि थेंब जागीच गोठतो. १/१५ सेकंदात दोन मीटर सरकते, म्हणजे रेघ उमटते पण लोटाचा आकार टिकतो. पूर्ण सेकंदात ते अर्धा कडा उतरून जाते आणि आकार उरतच नाही. छोट्या ओहोळाला सेकंदभराचे एक्स्पोजर शोभते, कारण तिथे सांगायची गोष्टच मार्दवाची असते. प्रचंड प्रपाताची गोष्ट वजनाची आहे, आणि दुधाळपणा नेमके ते वजनच हिरावून घेतो. वॉटकिन्सला दुसरा मार्ग नव्हता. आपल्याला आहे, तेव्हा मोठ्या धबधब्यापुढे शटर १/१५ च्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि पाण्याचा जोर पाहून पुढे-मागे सरकावे.