दुष्काळ केव्हा सुरू होतो?

१९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. तहसील कचेरीच्या आवारातून मात्र ते अजून गेलेले नाहीत. कागदावर ‘पैसेवारी’ लिहितात, पण सुगी संपत आली की पारावर प्रश्न निघतो तो जुनाच : ‘यंदा आणेवारी किती लागली?’ पन्नास पैशांच्या आत लागली तर साऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. बाहेर लागली तर पीक डोळ्यांदेखत करपलेले असूनही दुष्काळ नाही. दुष्काळ शेतात आधी पडतो आणि कचेरीत नंतर. या दोन तारखांमधल्या अंतराचा इतिहास मी गेली काही वर्षे धुंडाळतो आहे.

त्याचे एक टोक १८७६-७७ मध्ये आहे. सोलापूर, नगर, पुणे, सातारा असा सगळा दख्खन होरपळत होता. सरकारने कामे काढली खरी, पण खर्च डोईजड होताच सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी उतरवली आणि गावाजवळची कामे आखडून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितले. १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी तिकडे जायचे नाकारले. उपाशी माणसांचा हा संप शांततेचा होता. सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्याची बाजू मांडली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली हकीकत सरकारपुढे ठेवली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात ५० लाखांवर माणसे गेली.

मग रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याच्या १८८० च्या अहवालातून ‘फॅमिन कोड’ म्हणजे दुष्काळ संहिता जन्मली. १८८३ मध्ये तिचा कच्चा मसुदा प्रांतांकडे गेला आणि प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. पण आपत्ती येण्याआधी कोणत्या खात्याने काय करून ठेवायचे, हे इतक्या तपशिलाने लिहिलेले त्याआधीचे दुसरे पुस्तक आपल्याकडे मला आढळले नाही. माझ्या मते त्यातले सर्वांत मोलाचे प्रकरण दुष्काळाचे नाहीच, ते सुकाळाचे आहे. पाऊस, पीक, बाजारभाव, लोकांचे स्थलांतर यांची खबर पाटील-कुलकर्ण्यांकडून मामलेदाराकडे आणि तिथून कलेक्टरकडे नेमाने जायची. कुठे तळे, कुठे रस्ता, किती माणसे सामावतील, खर्च किती, ही कामांची यादी बांधकाम खात्याने चांगल्या वर्षातच तयार ठेवायची. पीक बुडाल्याची शंका आली की आधी ‘चाचणी काम’ काढायचे. मजुरी पोटापुरती आणि काम कष्टाचे. तरीही माणसे लोटली तर दुष्काळ खरा! त्यानंतर सगळे गाडे कुणाच्या नव्या हुकमाची फारशी वाट न पाहता फिरावे, अशी कल्पना. भुकेची परीक्षा भुकेल्याकडूनच घेण्याचा हा प्रकार निर्दय वाटतो, आणि तो होताही. पण माहिती, यादी आणि अधिकार आधीच ठरवून ठेवण्यातला शहाणपणा नाकारता येत नाही.

खोट निराळीच होती. संहिता इंग्रजीत होती आणि ती कचेरीत असे. १८९६ मध्ये पुन्हा पाऊस दगावला, तेव्हा टिळकांनी नेमके इथे बोट ठेवले. सार्वजनिक सभेमार्फत संहितेतील तरतुदी मराठीत छापून गावोगाव वाटल्या. ठाणे-कुलाब्याकडे सभा झाल्या. सरकारनेच लिहिलेले सरकारकडे मागा, ऐपत नसताना घरदार विकून सारा भरू नका, असा ‘केसरी’चा सांगावा होता. टिळकांनी नवा कायदा मागितला नव्हता. असलेला वाचून दाखवला होता. सरकारला तेवढेच झोंबले. १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. त्याच्या बंदोबस्तासाठी साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर रँड यांना आणले गेले. पुढचे सर्वांना माहीत आहे. मला जाणवते ते एवढेच, की आराखडे एका वेळी एकच संकट धरून लिहिले जातात आणि अधिकारी मात्र दोन्हीकडे तेच असतात.

१९१८ च्या खेडा सत्याग्रहाची ठिणगीही आणेवारीच. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब व्हायला हवा होता. शेतकरी म्हणत होते आत, महसूल खाते म्हणत होते बाहेर. एक आकडा कुणी लिहायचा, यावर अख्खा जिल्हा उभा राहिला.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई पाझर तलावावर माती वाहत होती. मी म्हणे सावलीला झोळीत असे. मिलो आणि सुकडी हे शब्द तिच्या तोंडी अजून आहेत. मे १९७३ मध्ये राज्यातल्या कामांवरची हजेरी ५० लाखांच्या घरात गेली. महसूल यंत्रणेला जुन्या संहितेची सवय होती, म्हणून हे पेलले. पण हाताशी तयार असलेली कामे संपली, तेव्हा माणसांना खडी फोडायला बसवले. रस्त्याकडेचे ते ढीग पुढे कित्येक वर्षे तसेच पडून होते. सुकाळातली यादी अपुरी पडली की काय होते, ते पाहायला दुसरीकडे जायला नको. मजुरांचे मोर्चे आणि संपही झाले, १८७७ सारखेच. या वेळी त्यांना उत्तर मिळाले.

वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. तालुक्याने कामांचा आराखडा तयार ठेवायचा, हा संहितेचाच वारसा. बदलली ती चावी. गाडे कधी सुरू करायचे हे आता आणेवारी लिहिणारा हात एकटा ठरवत नव्हता. मजुराचा अर्जही ठरवू लागला. अंमलबजावणीतल्या खोट्या मस्टरांच्या कथा मलाही ठाऊक आहेत. तरी शंभर वर्षांत झालेला हा फेर मी मोठा मानतो.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद अध्यक्ष यांना एका प्राधिकरणात बसवले. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रे असे नवे निकष आणले. एका गावात मी आपत्ती आराखडा पाहायला मागितला, तर कपाटाची किल्ली असलेला माणूस रजेवर होता.

आईला यातले काही माहीत नाही. नवे काम काढायला ५० मजूर लागत, एवढे मात्र तिच्या पक्के लक्षात आहे. परवा पाऊस लांबल्याचे बोलणे निघाले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आभाळाकडं काय बघताय? पन्नास जण गोळा करा.’’