मागे राहिलेले मूल

दत्तक म्हटले की आपल्या मनात पहिल्याने काय येते? संस्थानची गादी, दत्तविधानाचा होम आणि भाऊबंदांतून पारखून घेतलेला धडधाकट मुलगा. वंश चालावा, पिंडदान चुकू नये, वतन घरात राहावे, म्हणून मूल घ्यायचे. म्हणजे गरज घराची. ती भागवील असे मूल शोधायचे. आज तुम्हाला जी हकीकत सांगणार आहे, ती याच्या उलट टोकाची आहे. तिच्यात गरज मुलांची होती, आणि मुले होती साता समुद्रांपलीकडली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन नावाचे राज्य आहे. तेथल्या क्रेसवेल या लहान गावात हॅरी होल्ट नावाचे गृहस्थ शेती आणि लाकडाचा धंदा करीत. पत्नी बर्था परिचारिकेचे शिक्षण घेतलेली. पदरी सहा मुले. घर श्रद्धाळू ख्रिस्ती. रोज बायबल वाचणारे. १९५० साली हॅरींना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. अशा माणसाने पन्नाशीत काय करावे? विश्रांती घ्यावी, असेच कोणीही म्हणेल.

पण डिसेंबर १९५४ मध्ये हे कुटुंब जवळच्या यूजीन शहरात एका सभेला गेले. तेथे कोरियातील अनाथ मुलांचा चित्रपट दाखवण्यात आला. १९५० ते १९५३ या तीन वर्षांच्या युद्धाने तो देश होरपळून निघाला होता. त्यातही अमेरिकन सैनिक आणि कोरियन स्त्रिया यांच्या मुलांची दैना विचारूच नका. बाप निघून गेलेला, आईला समाजात थारा नाही, आणि मुलाचा चेहराच त्याचा जन्म जगाला सांगणारा! होल्ट पतिपत्नींनी आठ मुले घरी आणायचे ठरवले.

आता कायदा आडवा आला. १९५३ च्या निर्वासितविषयक कायद्याप्रमाणे एका कुटुंबाला परदेशातून दोनच अनाथ मुले आणता येत. मग या एका कुटुंबासाठी १९५५ साली अमेरिकन काँग्रेसने खास कायदा मंजूर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात हॅरी बारा मुले घेऊन विमानातून उतरले. त्यांतली आठ त्यांची स्वतःची, चार इतर कुटुंबांची.

वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली आणि 'आम्हालाही मूल हवे' अशी पत्रे देशभरातून येऊ लागली. १९५६ पासून होल्टांनी हे काम संस्था म्हणून चालवले. दत्तक घेणाऱ्यांचे मुखत्यारपत्र घेऊन हॅरी कोरियातच दत्तविधान उरकीत आणि मुले विमानाने पाठवीत. घेणारे ख्रिस्ती श्रद्धेचे असावेत, हा त्यांचा मुख्य कटाक्ष.

समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या मंडळींना हे पटले नाही. ते म्हणत, "अहो, घर नीट पाहिले का? मुलाला न बघता आईबाप व्हायचे, हे कसे? देवावर श्रद्धा आहे एवढ्यावर मूल सोपवायचे?" होल्टांचे म्हणणे असे की, भुकेने मरणाऱ्या मुलाला कागदपत्रे पुरी होईपर्यंत थांबता येत नाही. तुम्हीच सांगा, यांत चुकले कोण? मला तर दोघांचेही खरे वाटते. अखेर १९६१ च्या कायद्याने असे परस्पर घेतलेले दत्तक बंद केले.

पण या गडबडीत एका प्रश्नाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. विमानात बसली त्यांचे फोटो निघाले. बसली नाहीत त्यांचे काय?

१९५२ च्या अमेरिकन कायद्याने मतिमंद, अपस्माराचे आणि क्षयाचे रोगी यांना देशात यायला मज्जाव केला होता. शरीरात असे व्यंग असेल की पोट भरता येणार नाही, तर त्यालाही अडवता येई. म्हणजे कायद्याने केलेली निवड आपल्या जुन्या दत्तकाच्या वळणावरच गेली: धडधाकट तेवढे आत, पांगळे बाहेर. ज्याला घराची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच तोंडावर दार बंद!

मग हॅरींनी काय केले? नेता येत नाहीत, तर त्यांच्यासाठी येथेच घर बांधू, असे म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सोलच्या वायव्येस इल्सान येथे वसतिगृह उभारायला घेतले. कोणी न नेलेल्या, अपंग आणि मतिमंद मुलांना तेथे आसरा मिळाला. एप्रिल १९६४ मध्ये कोरियातच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला आणि इल्सानलाच त्यांना पुरले. बर्थाबाईंनी त्यांच्यामागे छत्तीस वर्षे हे काम पाहिले. २००० साली त्या वारल्या, आणि त्यांची कबरही तेथेच आहे. थोरल्यांपैकी एक मुलगी, मॉली, परिचारिका होऊन १९५६ मध्ये कोरियाला गेली होती. पुढे तिने लग्न केले नाही. इल्सानच्या अपंग मंडळींबरोबरच ती राहिली आणि २०१९ मध्ये गेली.

हकीकत येथे संपवली तर ती कीर्तनातल्या आख्यानासारखी गोड होईल. पण इतिहास सांगायचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. होल्टांनी पाडलेल्या पायवाटेचा पुढे हमरस्ता झाला. अनेक संस्था त्यात उतरल्या, आणि दोन लाखांच्या आसपास कोरियन मुले परदेशी गेली. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने निष्कर्ष काढला की, या व्यवहारात कित्येक मुलांच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या, आईबाप असलेली मुले अनाथ म्हणून दाखवली गेली, आणि सरकारने देखरेखीत कसूर केली. घरे पाहायला सांगणाऱ्यांचा आग्रह उगाच नव्हता, हे यावरून कळते.

आपल्याकडेही हा प्रश्न आला. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंचा, म्हणजे त्यात जैन, बौद्ध, शीख यांच्यासह, पण ख्रिस्ती त्यात नाहीत. त्यामुळे वसईच्या ख्रिस्ती जोडप्यालासुद्धा कित्येक वर्षे १८९० च्या कायद्याखाली नुसते पालकत्व मिळे. ही अडचण २००० च्या बालन्याय कायद्याने आणि त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने दूर झाली. परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. आधी देशातले घर शोधा, मगच परदेशातले. मात्र मूल अपंग असेल किंवा त्याला तातडीचे उपचार हवे असतील आणि ते येथे देता येत नसतील, तर वाट पाहत बसू नका, असे न्यायालयाने म्हटले. होल्टांची घाई आणि त्यांच्या टीकाकारांची सावधगिरी, दोन्हींना त्या निकालात जागा मिळाली.

पण वाचकहो, त्या 'मात्र'चा अर्थ जरा मनाशी घोळवून पाहा. अपंग मुलाला येथे घर मिळायचे नाही, हे न्यायालयाने जणू धरूनच चालले होते. ते आपल्याविषयी होते. परक्या मुलखातला एक शेतकरी, दुखणाईत छातीचा, मागे राहिलेल्या मुलांसाठी घर बांधून तेथेच मातीला मिळाला. त्याच्या सगळ्या कामाचा हिशेब लोक मांडतील तेव्हा चुकाही निघतील, आणि निघाव्यात. आपला हिशेब मात्र आपणच मांडायचा आहे. बालगृहात मूल पाहायला आलेले जोडपे अजूनही आधी विचारते, "सगळं ठीक आहे ना याचं?" त्या प्रश्नानंतर खोलीच्या कोपऱ्यात जे मूल उरते, त्याच्याकडे कोण पाहणार?